गुडघा सरळ राहावा म्हणून

(संस्थेच्या पालक व विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला जेव्हा बोलण्याविषयी विचारले तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी बँकेत कारकून आहे. शिक्षण बी.ए., तेही इतिहास आणि मराठी घेऊन. डॉक्टरी विषयावर मी काय बोलणार? पण ते म्हणाले, "तुम्ही डॉक्टर म्हणून बोलू नका, बाप म्हणून बोला." म्हणून आज आपल्यासमोर उभा आहे. लहान मुलांचे गुडघे आखडतात, ते का आखडतात आणि शस्त्रक्रियेशिवाय त्यावर काय करता येते, हा माझा विषय. जे सांगणार आहे त्यातले काही डॉक्टरांकडून आणि फिजिओथेरपिस्टांकडून ऐकलेले आहे, काही वाचलेले आहे आणि काही स्वतःच्या चुकांमधून शिकलेले आहे. आपल्या मुलाला काय करावयाचे हे त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे, एवढे आरंभीच सांगून ठेवतो.

माझा मुलगा २००७ साली आठव्या महिन्यातच जन्मला. वजन कमी होते. वर्षाचा झाला तरी बसेना. पुढे डॉक्टरांनी सांगितले की, याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे वाढत्या मेंदूच्या काही भागाला इजा झाल्यामुळे पायाचे स्नायू सतत ताठ राहतात. बुद्धी चांगली होती, बोलणे चांगले होते, पाय मात्र साथ देत नव्हते. आजीचा तो लाडका. दिवसभर तिच्या कडेवर नाहीतर मांडीवर. रात्री त्याला बरे वाटावे म्हणून गुडघ्याखाली उशी. आम्ही सर्वांनी हे प्रेमानेच केले. पण कडेवर गुडघा वाकलेला, मांडीवर गुडघा वाकलेला, उशीवरही गुडघा वाकलेलाच. चोवीस तासांत तो सरळ केव्हा होत होता, हा प्रश्न आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नाही.

आखडणे म्हणजे काय

येथे दोन गोष्टींतला फरक समजून घेतला पाहिजे. स्नायू ताठ असणे ही एक गोष्ट आणि सांधा आखडणे ही दुसरी. ताठ स्नायूचा पाय झटका देऊन ओढला तर अडतो, पण मूल शांत असताना हळूहळू सरळ केला तर सरळ होतो. आखडलेला गुडघा मात्र मूल गाढ झोपेत असले तरी पूर्ण सरळ होत नाही. कारण आता स्नायू, त्याचा कंडरा आणि सांध्याभोवतीचे आवरण ही खरोखरच आखूड झालेली असतात. यालाच डॉक्टर कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. गोनिओमीटर नावाच्या साध्या कोनमापकाने तो किती अंशांनी वाकलेला आहे हे मोजतात. पूर्ण सरळ म्हणजे शून्य.

गुडघा वाकविणारे प्रमुख स्नायू मांडीच्या मागे असतात, त्यांना हॅमस्ट्रिंग म्हणतात. हे स्नायू कमरेच्या हाडाच्या खालच्या भागापासून निघून खुबा आणि गुडघा असे दोन सांधे ओलांडून नडगीच्या हाडांना मिळतात. म्हणूनच अशा मुलाला पाय लांब करून बसविले की त्याची पाठ कमानीसारखी वाकते किंवा ते मागे पडते. आपण म्हणतो, "नीट बस ना!" पण ते ऐकत नाही असे नसते, मागून त्याला स्नायू ओढत असतात.

हे सेरेब्रल पाल्सीच्या मुलांनाच होते असे नाही. ज्यांना पोलिओ होऊन गेला त्यांच्यात एका बाजूचे स्नायू दुबळे आणि दुसऱ्या बाजूचे जोरदार राहिल्याने गुडघे आखडले. आपल्या देशातला नैसर्गिक पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, ही मोठीच गोष्ट झाली. पण आखडण्याची इतर कारणे संपलेली नाहीत. हिमोफिलियाच्या मुलाच्या गुडघ्यात वारंवार रक्तस्राव होतो. गुडघ्याच्या मागे भाजले तर बरी होणारी कातडी आकसते. लहानपणीचा संधिवात असतो. काही मुले जन्मतःच आखडलेले सांधे घेऊन येतात. प्रत्येकाचे कारण वेगळे, म्हणून उपचारही थोडा वेगळा. हिमोफिलियाच्या मुलाला आधी रक्त गोठविणारे फॅक्टर द्यावे लागते, मगच व्यायाम. त्याच्या सुजलेल्या गुडघ्याला मालीश तर कधीच करावयाची नसते.

गुडघा थोडासा वाकलेला राहिला तर बिघडले कुठे, असे कोणी म्हणेल. आपण सर्वांनी घरी जाऊन एक प्रयोग करावा. गुडघे थोडे वाकवून पाच मिनिटे उभे राहावे. मांडीचे समोरचे स्नायू थरथरू लागतील. सरळ गुडघ्यावर उभे राहताना त्या स्नायूंना फारसे काम पडत नाही, वाकलेल्या गुडघ्यावर मात्र प्रत्येक क्षणी शरीराचा भार त्यांना पेलावा लागतो. अशा मुलाला शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत जाणे म्हणजे आपल्याला डोंगर चढण्यासारखे असते. पुढे गुडघ्याच्या वाटीजवळ दुखू लागते. गुडघा फार वाकलेला असला तर कॅलिपरही नीट बसत नाही.

मोठ्या माणसांचा अनुभव

या कामाचा इतिहास आपल्या महाराष्ट्राशीही जोडलेला आहे. फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. मुलीच्या उपचारासाठी त्या माऊलीने खूप धावपळ केली आणि मग जे आपल्या मुलीला मिळाले ते इतरांच्या मुलांनाही मिळावे म्हणून १९४७ साली मुंबईत अपंग मुलांसाठी केंद्र सुरू केले. मुंबईच्या हाजी अलीला मुलांच्या अस्थिरोगांचे जे रुग्णालय उभे राहिले त्याचे मूळ या प्रयत्नात आहे.

त्याच्याही आधी ऑस्ट्रेलियात एलिझाबेथ केनी नावाच्या एका परिचारिकेने मोठे वादळ उठविले होते. त्या काळी पोलिओ झालेल्या मुलांचे हातपाय महिनोन्‌महिने फळ्यांत आणि प्लास्टरमध्ये जखडून ठेवीत असत. केनी म्हणाल्या, असे करू नका, गरम ओल्या लोकरी कापडाने शेका आणि अवयव हलवा. १९४० साली त्या अमेरिकेत गेल्या आणि मिनियापोलिस शहरात त्यांच्या पद्धतीला मान्यता मिळाली. रोगाविषयीची त्यांची सगळी मते टिकली नाहीत. परंतु नुसते जखडून ठेवल्याने अवयव सुधारत नाही, त्याला हालचाल हवी, ही गोष्ट टिकली.

१९७२ साली फ्रान्समधील संशोधकांनी मांजराच्या पोटरीचा स्नायू आखूड स्थितीत चार आठवडे प्लास्टरमध्ये ठेवला, तेव्हा स्नायूच्या धाग्यांतील लांबीच्या दिशेने जोडलेल्या सूक्ष्म कप्प्यांची संख्या सुमारे ४० टक्क्यांनी घटली. प्लास्टर काढल्यावर ती पुन्हा भरून आली. म्हणजे स्नायू जसा ठेवावा तशी त्याची लांबी होत जाते. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचे स्नायू इतक्या सहज भरून येत नाहीत हे पुढे दिसून आले, पण स्थितीचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. फ्रान्समध्येच १९८८ साली अशा मुलांच्या पोटरीचा अभ्यास झाला. जिथे तो स्नायू दिवसातून सहा तासांच्या आसपास ताणलेला राहत होता तिथे आखडणे वाढले नाही, जिथे दोनच तास राहत होता तिथे वाढत गेले. हा अभ्यास पोटरीचा होता, गुडघ्याचा नव्हे. परंतु मला त्यातून एक गोष्ट कळली. आमच्या घरी सकाळी दहा मिनिटे पाय ओढण्याचा कार्यक्रम होत असे आणि आम्हाला वाटे, झाला उपचार. दिवसाचा हिशेब मात्र तासांचा होता.

अलीकडचे शास्त्रही हेच सांगते. स्नायू ताणण्याच्या उपचारांवरील अनेक चाचण्या एकत्र करून २०१७ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. सात महिन्यांपेक्षा कमी काळ केलेल्या ताणण्याने सांध्याच्या हालचालीत म्हणण्यासारखा फरक पडत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. हे ऐकून निराश होऊ नये. नुसत्या हाताने ओढण्यावर विसंबू नये, एवढाच बोध मी घेतला.

मग करावयाचे काय

पहिली गोष्ट, दिवसभराची स्थिती. गुडघ्याखालची उशी काढून टाकावी. मूल दूरदर्शन पाहताना किंवा चित्रे काढताना काही वेळ पालथे झोपलेले असावे, त्यामुळे खुबा आणि गुडघा दोन्ही सरळ राहतात. पाय लांब करून भिंतीला पाठ टेकवून बसवावे. फार ओढ बसत असेल तर खाली छोटा पाट द्यावा. दोन्ही पाय बाहेर टाकून त्यांच्या मध्ये फतकल मारून तासन्‌तास बसू देऊ नये. उभे राहता येत नसेल तर उभे राहण्याची चौकट मिळते, गावातला सुतारही ती करून देऊ शकतो. माप मात्र फिजिओथेरपिस्टने दिलेले असावे. उभे राहून गृहपाठ, उभे राहून जेवण, असा वेळ हळूहळू वाढवावा.

दुसरी गोष्ट, गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंना बळ देणे. ओढून सरळ केलेला गुडघा सरळ धरून ठेवण्याची ताकद मुलाच्या मांडीतच नसेल तर तो पुन्हा वाकतो. खुर्चीवरून उठणे-बसणे, पायरी चढणे, चेंडूला लाथ मारणे हे त्याचे व्यायाम आहेत, आणि मुलांना ते खेळ वाटतात.

तिसरी गोष्ट, टप्प्याटप्प्याने दिलेले प्लास्टर. गुडघा न दुखता जितका सरळ होईल तितक्यावर प्लास्टर घालतात. आठवड्या-दोन आठवड्यांनी ते काढून, थोडा आणखी सरळ करून, नवे घालतात. काही ठिकाणी तेच प्लास्टर गुडघ्याच्या मागे कापून, फट थोडी उघडून पाचर बसवितात. प्रत्येक वेळी थोडेच अंश मिळवावयाचे असतात. वाकड्या पावलांच्या तान्ह्या बाळांना अमेरिकेतील डॉ. पोन्सेटी यांच्या पद्धतीने प्लास्टर लावतात हे आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. तत्त्व जवळचे आहे, पण गुडघ्याचे काम निराळे आणि अधिक जपून करावयाचे.

जपून म्हणण्याचे कारण असे. आखडलेला गुडघा जोराने सरळ केला तर तो सरळ झाल्यासारखा दिसतो, पण प्रत्यक्षात नडगीचे हाड मांडीच्या हाडाखालून मागे सरकते. जी मुले चालत नाहीत त्यांची हाडे ठिसूळ असतात, ती मोडू शकतात. गुडघ्यामागून जाणाऱ्या नसेला ताण बसून पाऊल लुळे पडू शकते. हे मी पुस्तकातून सांगत नाही. मुलगा पाच वर्षांचा असताना नातेवाइकांच्या आग्रहावरून आम्ही त्याला एका हाड बसविणाऱ्या माणसाकडे नेले. त्याने मांडीवर गुडघा रोवून पाय दाबला. मुलाची ती किंकाळी माझ्या कानांत आजही आहे. गुडघा टम्म सुजला. एक्स-रेमध्ये हाड मोडलेले नाही हे पाहून जीवात जीव आला. दोष त्या माणसाचा होताच, पण मुलाला तेथे नेणारा मीच होतो.

प्लास्टर घातल्यावर घरच्यांनी बोटे पाहत राहावे. बोटे निळी किंवा पांढरी पडली, गार लागली, सुजली, बधिर झाली, मुलाला ती हलवता येईनात किंवा मूल एका जागी सतत दुखते म्हणू लागले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

चौथी गोष्ट, बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांवरील त्याच्या वापराचे पहिले अहवाल १९९३ च्या सुमारास आले. ते ताठ स्नायूला साधारण तीन-चार महिने सैल करते. आखूड झालेला स्नायू मात्र त्याने लांब होत नाही. त्या तीन-चार महिन्यांत प्लास्टर, उभे राहणे, चालणे हे सारे करून घ्यावयाचे असते. इंजेक्शन महाग असते. नुसते इंजेक्शन देऊन घरी बसलो तर पैसे वाया जातात.

आमची चूक

२०१३ साली एका सरकारी रुग्णालयात मुलाला प्लास्टर सुरू झाले. तेव्हा उजवा गुडघा २५ अंश आणि डावा १५ अंश आखडलेला होता. चार वेळा प्लास्टर बदलल्यावर उजवा ५ अंशांवर आला, डावा जवळजवळ सरळ झाला. आमच्या घरात सणासारखा आनंद झाला. तेथील फिजिओथेरपिस्ट बाईंनी निक्षून सांगितले, "प्लास्टर निघाले म्हणजे काम संपले नाही. रात्रीची स्प्लिंट आणि रोजचे उभे राहणे सोडू नका. मूल जोराने उंच होऊ लागले की हाड वाढते आणि ताठ स्नायू मागे पडतो. तेव्हा तर डोळ्यांत तेल घालून पाहा."

तीन वर्षे आम्ही ते पाळले. मी एक वही घातली होती. दर तीन महिन्यांनी मोजलेले अंश तिच्यात लिहीत असे, पासबुकात नोंद करावी तसे. मग ८ नोव्हेंबर २०१६ आला. पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. बँकेत काम करणाऱ्यांना ते दिवस आठवत असतील. सकाळी घराबाहेर पडावे, रात्री दहा-अकराला परतावे. स्प्लिंट बांधण्याचे काम माझे होते. त्याच सुमारास माझी आई अंथरुणाला खिळली, पत्नी तिच्या सेवेत. मुलगा म्हणे, "बाबा, आज राहू द्या." मीही म्हणे, "बरं, उद्या बांधू." तो उद्या मार्चपर्यंत आला नाही. त्याच काळात पोरगा चांगला उंच झाला होता. आम्हाला कौतुक वाटत होते. मार्च २०१७ मध्ये मोजले तेव्हा उजवा गुडघा २० आणि डावा १५. वहीत आकडा लिहिताना माझा हात थांबला. दुसऱ्याच्या खात्यावर एका रुपयाची चूक होऊ न देणारा मी, आणि घरचे खाते असे सोडून दिले होते.

पुन्हा प्लास्टर, या वेळी इंजेक्शनही. मिळाले ते पहिल्याइतके नव्हते. उजवा १० वर थांबला, डावा ५ वर. आज मुलगा कॉलेजात जातो, दोन कुबड्यांवर चालतो, जिना कठडा धरून चढतो. रात्रीची स्प्लिंट तो आता स्वतः बांधतो. मी एकदा त्याच्याजवळ त्या वर्षाबद्दल बोललो. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही वही ठेवली होती म्हणून कळलं तरी." त्याच्या या बोलण्याने मला धीर आला, हे कबूल करतो.

म्हणूनच सांगतो, हे काम एकट्या आईवर टाकू नका. ज्या घरात सगळा भार एकीवर असतो तेथे ती आजारी पडली की उपचार थांबतो. आमच्या घरात तर बाप थांबला आणि उपचार थांबला. दोघे-तिघे जण शिकून ठेवा. आजीला, काकांना, मोठ्या भावंडांना स्प्लिंट बांधता आली पाहिजे.

शस्त्रक्रियेला मी विरोध करीत नाही, हेही स्पष्ट करतो. गुडघा फार आखडलेला असला, वर्षानुवर्षे तसाच राहिला असला किंवा हाडाचाच आकार बदलला असला तर प्लास्टरने निभत नाही. तेव्हा शस्त्रक्रियेला भिऊन वेळ घालवू नये. आणि शस्त्रक्रिया झाली तरी त्यानंतर स्प्लिंट आणि व्यायाम असतातच. घरच्या माणसांची सुटका नाही.

संस्थेला आणि विद्यार्थ्यांना विनंती

२०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची एकदा तपासणी करण्याची योजना आहे. दोष आढळलेल्या मुलांना पुढील तपासणी व उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवितात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मानलेले आहे. त्यात सेरेब्रल पाल्सी आहे, हिमोफिलियाही आहे. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी नॅशनल ट्रस्टची निरामय ही १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. पण अर्ज भरणे, दाखले जोडणे हे रोजंदारीवर जाणाऱ्या आईबापांना जमत नाही. एका खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. येथे आपली संस्था उपयोगी पडू शकते. अर्ज भरून देण्यासाठी रविवारी दोन तास बसायला मी तयार आहे, हे या सभेतच सांगतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वस्तीत असे एखादे मूल असेलच. ते ओट्यावर बसून तुमचा खेळ पाहत असते. त्याला खेळात घ्या. उभे राहून पंच होऊ द्या, उभे राहून गुण मांडू द्या. त्याचा अर्धा तास उभे राहण्यात जाईल आणि त्याला कळणारही नाही की व्यायाम झाला. जे काम आईने दहा वेळा सांगून होत नाही, ते मित्राने एकदा हाक मारली की होते, हे मी माझ्या घरी पाहिले आहे.

मूल आज किती तास सरळ गुडघ्यावर होते, एवढा एक प्रश्न घरातल्या प्रत्येकाने रोज रात्री स्वतःला विचारावा.